मेनिन्जायटिस : साखरेच्या कवचाची गोष्ट

हेलन केलरची गोष्ट आपण वर्गात नेहमी सांगतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली ही मुलगी १९ महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, तापाने फणफणली. पोटात आणि मेंदूत रक्त साकळले आहे असे निदान झाले आणि मूल हाती लागत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मग ताप आला तसाच एके दिवशी उतरला. घरात आनंदीआनंद झाला. मुलीला ऐकू येत नाही आणि दिसत नाही, हे त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

पाठ्यपुस्तकात 'एका आजारात तिची दृष्टी व श्रवणशक्ती गेली' एवढेच एक वाक्य असते. त्यापुढची कथा इतकी विलक्षण आहे की तो आजार कोणता, हे विचारायचे राहूनच जाते. जेनेट गिल्सडॉर्फ या बालरोग व संसर्गरोगतज्ज्ञ बाईंनी २०१८ मध्ये जुन्या नोंदी तपासून असे मत मांडले, की तो बहुधा जीवाणूंमुळे झालेला मेनिन्जायटिस असावा. दीडशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान खात्रीने करता येत नाही, पण आम्हाला हा तर्क पटतो. वय, तापाचे एकाएकी चढणे-उतरणे आणि मागे राहिलेले बहिरेपण हे सारे त्याच्याशी जुळते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ पडदे असतात. त्यांना मेनिंजीस म्हणतात. या पडद्यांना सूज आली की तो मेनिन्जायटिस. वर्तमानपत्रांत त्यालाही मेंदूज्वर म्हणतात आणि डासांमुळे पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वरालाही. त्यामुळे गोंधळ होतो. डासांचा मेंदूज्वर विषाणूंमुळे होतो आणि तो मुख्यतः मेंदूलाच ग्रासतो. मेनिन्जायटिसही कधी विषाणूंमुळे, कधी क्षयाच्या जंतूंमुळे होतो. पण काही तासांत माणूस दगावू शकतो असा जो प्रकार, तो बहुतेक वेळा तीन जीवाणूंचा असतो : मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा 'बी', म्हणजे हिब. (नवजात बाळांमध्ये आणखी वेगळे जीवाणू आढळतात, ते इथे बाजूला ठेवू.)

गंमत अशी, की हे तिघेही आपल्या नाकाघशात निमूटपणे राहणारे भाडेकरू आहेत. निरोगी माणसांपैकी दहातल्या एकाच्या घशात मेनिंगोकोकस सापडू शकतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. क्वचित कधी हे जंतू घशातून रक्तात शिरतात आणि रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात. हे पाणी जंतूंच्या दृष्टीने सोन्याची खाण. तिथे त्यांना मारणारी द्रव्ये आणि पेशी नगण्य असतात, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते आणि बंद कवटीत मेंदू दाबला जातो. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे, मान पुढे न वाकणे ही लक्षणे त्यातून येतात. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असे नाही. त्याची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही, किरकिरते किंवा सुस्त पडते. मेनिंगोकोकस असेल तर अंगावर जांभळट डाग उठू शकतात, आणि काचेने दाबले तरी ते फिके होत नाहीत.

या रोगाचे साथीच्या रूपातले पहिले नीट वर्णन १८०५ सालचे आहे. जिनिव्हा शहरातली ती साथ गास्पार व्यूसो या डॉक्टरांनी नोंदवून ठेवली. जंतू मात्र सापडला १८८७ मध्ये. व्हिएन्नात अँटन वाइखसेलबाउम यांना मेलेल्या रुग्णांच्या मेंदूआवरणातील पुवात जोडीजोडीने असणारे गोल जीवाणू दिसले. पुढे १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील गावी हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढण्याची रीत बसवली. आपल्याकडे 'पाठीतले पाणी काढणे' म्हणतात ते हेच. ही तपासणी केल्याने माणूस लुळा होतो अशी भीती अजूनही ऐकू येते आणि त्यापायी नातेवाईक नकार देतात. वस्तुतः सुई जिथे घालतात तिथवर मज्जारज्जू पोहोचलेलाच नसतो. रोग कोणत्या जंतूचा आहे हे ओळखण्याचा तो आजही मुख्य मार्ग आहे.

क्विंके यांची सुई लवकरच आणखी एका कामी आली. १९०४-०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठी साथ आली. तेव्हा मेनिंगोकोकसच्या मेनिन्जायटिसमध्ये शंभरातले सत्तर-ऐंशी रुग्ण दगावत. रॉकफेलर संस्थेतल्या सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांना हे जंतू टोचले, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाल्यावर सीरम वेगळे केले आणि ते रुग्णाच्या पाठीतून थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायची पद्धत काढली. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १३०० रुग्णांचा हिशेब मांडला. मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले होते. तरीही या उपचारात जोखीम होती. परक्या प्राण्याच्या सीरमची वावडी येई, आणि सीरम एका जातीच्या जंतूवर चाले, दुसऱ्यावर नाही. हिबवर ते निरुपयोगीच होते. हिबचा मेनिन्जायटिस म्हणजे मूल गेलेच असे समजत. न्यूयॉर्कच्या हॅटी अलेक्झांडर यांनी घोड्याऐवजी सशाचे सीरम वापरून १९३९ मध्ये काही मुले वाचवून दाखवली, तेव्हा कुठे हिबपुढची हतबलता संपली.

त्याच सुमारास सल्फा औषधे आली. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडने मेनिंगोकोकसचे रुग्ण बरे झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि काही वर्षांत घोडे तबेल्यात परतले. पाठोपाठ पेनिसिलिन आले. १९४२ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या परिचयातला एक गृहस्थ स्ट्रेप्टोकोकसच्या मेनिन्जायटिसने मरणपंथाला लागला होता. ऑक्सफर्डहून फ्लोरी यांनी आपल्याजवळचे तुटपुंजे पेनिसिलिन पाठवले. स्नायूत टोचून ते मेंदूभोवतीच्या पाण्यात पोहोचत नाही असे दिसल्यावर फ्लेमिंग यांनी ते पाठीतून दिले. रुग्ण वाचला. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन शोधले १९२८ मध्ये, पण त्याने मरणारा माणूस उठून बसतो हे त्यांनी स्वतः पाहिले ते १४ वर्षांनी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. जंतू माहीत, निदान माहीत, औषध माहीत. पण तसे झाले नाही, आणि त्याचे कारण घड्याळात आहे. मूल सकाळी कुरकुरते, दुपारी तापते आणि रात्री बेशुद्ध होते. औषध पोहोचेपर्यंत सूज आपले काम करून बसलेली असते. आज सेफ्ट्रियाक्सोनसारखी प्रभावी प्रतिजैविके शिरेतून ताबडतोब सुरू करतात. पाण्याची तपासणी लांबणार असेल तर तिच्यासाठीही थांबत नाहीत. काही रुग्णांना पहिल्या मात्रेच्या आधी किंवा तिच्याबरोबरच डेक्सामेथाझोन देतात, म्हणजे सूज आटोक्यात राहते आणि बहिरेपणाचा धोका कमी होतो. रुग्ण मेनिंगोकोकसचा असेल तर त्याच्या निकट सहवासातील घरच्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन देऊन त्यांच्या घशातले जंतू घालवतात. एवढे करूनही जीवाणूंच्या मेनिन्जायटिसमध्ये सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी पाचातल्या एकाला काही ना काही कायमचे व्यंग उरते. शिवाय जंतूही गप्प बसत नाहीत. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लष्करी छावण्यांत सल्फाला दाद न देणारा मेनिंगोकोकस आढळला. एकेका बराकीत दाटीने झोपणाऱ्या नव्या रंगरुटांना औषध देऊन साथ थोपवायचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

म्हणजे लस हवी. आणि लशीची वाट अडवून बसले होते एक कवच.

हे कवच बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. १९२८ चा ग्रिफिथचा प्रयोग आठवा. न्यूमोकोकसच्या गुळगुळीत वसाहती उंदराला मारतात, खडबडीत वसाहती मारत नाहीत. मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत एकत्र टोचले की उंदीर मरतो. आपण हा प्रयोग डीएनएकडे जाण्याची पायरी म्हणून शिकवतो आणि झपाट्याने पुढे जातो. पण गुळगुळीत जंतूच का मारतात, हे मुलांना विचारून पाहावे. त्यांच्या अंगावर बहुशर्करेचे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे, बुळबुळीत कवच असते. त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्यांना पकडता येत नाही. ओल्या साबणावर बोटे ठरत नाहीत तसेच. खडबडीत जंतू हे कवच गमावून बसलेले असतात.

मेनिन्जायटिसचे तिन्ही जंतू कवचधारी आहेत. १९३१ मध्ये मार्गारेट पिटमन यांनी दाखवले, की हिमोफिलसच्या कवचांचे सहा प्रकार असले तरी मेनिन्जायटिस करणारे जवळजवळ सगळे 'बी' प्रकारचे असतात. मेनिंगोकोकसमध्येही ए, बी, सी, डब्ल्यू, वाय, एक्स असे मोजकेच गट साथी आणतात. कवचाविरुद्ध प्रतिपिंडे असली की जंतू मरतो. हे कवच साखरेचे असते हे एव्हरी आणि हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्येच शोधले होते. तोवर प्रतिपिंडे फक्त प्रथिनांविरुद्ध तयार होतात असा समज होता, त्यामुळे हा निष्कर्ष अनेकांच्या पचनी पडला नाही.

मग शुद्ध साखरच टोचावी की! १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेत तेच केले गेले. गोल्डश्नायडर, गॉटश्लिक आणि आर्टेनस्टाइन यांनी आधी हजारो रंगरुटांचे रक्त साठवून ठेवले आणि पुढे कोण आजारी पडतो ते पाहिले. आजारी पडलेल्या ५४ जणांपैकी फक्त तिघांच्या रक्तात जंतू मारणारी प्रतिपिंडे आधीपासून होती. न पडलेल्यांत हेच प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. इतका सरळ पुरावा जीवशास्त्रात वारंवार मिळत नाही. मग गॉटश्लिक यांनी ए आणि सी गटांची साखर शुद्ध करून लस केली आणि १९६९ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. तरणेताठे सैनिक वाचू लागले.

मुले मात्र नाहीत. १९७४ मध्ये फिनलंडमध्ये सुमारे एक लाख मुलांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या मुलांना हिबच्या साखरेची लस दिली होती. दीड वर्षावरच्या मुलांचे तिने उत्तम संरक्षण केले. दीड वर्षाखालच्या मुलांना तिचा काहीही उपयोग झाला नाही. आणि हिब मुख्यतः दीड-दोन वर्षांखालच्यांनाच गाठतो! हेलन १९ महिन्यांची होती, हे इथे आठवते.

असे का होते? प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना जोमाने कामाला लागण्यासाठी टी पेशींचा इशारा लागतो, आणि टी पेशींना प्रथिनाचे तुकडे ओळखता येतात, साखर येत नाही. मोठ्यांच्या बी पेशी साखर पाहून आपल्या आपण थोडेफार काम करतात; तान्ह्यांच्या करत नाहीत. आता साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली तर काय होईल? साखर ओळखणारी बी पेशी ती जोडगोळी गिळते, प्रथिनाचे तुकडे करून टी पेशीला दाखवते, आणि टी पेशीचा इशारा मिळाल्यावर प्रतिपिंडे बनवते ती साखरेविरुद्ध. घरोघरी मुलांना कडू औषध गुळातून देतात. इथे गोडच घशाखाली उतरत नव्हते, म्हणून ते दुसऱ्या कशातून द्यावे लागले.

ही कल्पना नवी नव्हती, आणि आम्हाला या साऱ्या इतिहासातली हीच बाब सर्वांत बोचते. एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ ते १९३१ या काळात साखर प्रथिनाला जोडून सशांना टोचली होती. न्यूमोकोकसच्या साखरेला त्यांनी जोडीदार दिला तो घोड्याच्या सीरममधल्या प्रथिनाचा. सशांनी प्रतिपिंडे बनवली. निबंध छापले गेले. मग सल्फा आले, पेनिसिलिन आले, आणि आता लशीची गरजच काय असे सर्वांना वाटले. ते निबंध ग्रंथालयात कुठे कुलूपबंद नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जॉन रॉबिन्स व रेचेल श्नीरसन यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड स्मिथ व पोर्टर अँडरसन यांनी तो धागा पुन्हा उचलला, इतकेच. १९९० मध्ये हिबची संयुग्म लस अमेरिकेत तान्ह्या बाळांना देता येऊ लागली. तिथे दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २० हजार मुलांना हिबचा गंभीर आजार होई. दशकभरात तो ९९ टक्क्यांनी घटला. तरुण बालरोगतज्ज्ञांनी हिबचा रुग्ण फक्त पुस्तकात पाहिलेला असतो, अशी स्थिती आली.

भारतात हिबची लस २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत पंचगुणी लशीतून सरकारी कार्यक्रमात आली आणि पुढे देशभर पोहोचली. न्यूमोकोकसची संयुग्म लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये सर्व राज्यांत. अमेरिकेनंतर वीस-एकवीस वर्षांनी. हे अंतर काही विज्ञानाचे नव्हते.

ते कशाचे होते, हे आफ्रिकेत अधिक स्पष्ट दिसते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहाराच्या दक्षिणेला एक पट्टा आहे. लापेसोनी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६३ मध्ये त्याला 'मेनिन्जायटिस पट्टा' असे नाव दिले. डिसेंबरपासून कोरडे, धुळीचे वारे सुटतात, घशाची आतली त्वचा चिरते आणि ए गटाचा मेनिंगोकोकस पसरतो. पाऊस पडला की साथ थांबते. १९९६-९७ ची साथ भयानक होती : अडीच लाख रुग्ण, २५ हजार मृत्यू. साधी साखरेची लस होती, पण साथ सुरू झाल्यावर ती घेऊन धावायचे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणायची. शिवाय तिने घशातले जंतू जात नाहीत, म्हणून प्रसार चालूच राहतो. संयुग्म लशीने घशातले जंतूही कमी होतात. पण ए गटाची संयुग्म लस बनवायला कोणी मोठी कंपनी तयार होईना. ज्यांना हवी त्यांच्याकडे पैसा नव्हता.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. गेट्स प्रतिष्ठानने त्याला सात कोटी डॉलर दिले. प्रमुख होते मार्क लाफोर्स. त्यांनी आधी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना किंमत विचारली. अर्ध्या डॉलरवर गेली तर आम्हाला परवडणार नाही, असे उत्तर आले. म्हणजे आधी किंमत ठरली आणि मग लस. शेवटी साखर ॲमस्टरडॅमहून घ्यायची, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट ली व कार्ल फ्राश यांनी सुधारलेली जोडणीची रीत वापरायची, आणि लस बनवायची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये असे ठरले. जोडीदार प्रथिन होते धनुर्वाताचे टॉक्सॉइड; ते पुण्यात मुबलक बनतच होते. या संस्थेच्या नावातच 'सीरम' आहे, हे सहज सांगून ठेवतो. १९६६ मध्ये तिची सुरुवात झाली ती पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांमुळे. त्यांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात, त्यातून हा उद्योग सुचला.

डिसेंबर २००९ मध्ये भारतात परवाना मिळाला आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झाले. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळच्या भावाने वीस-बावीस रुपये. सुमारे दहा दिवसांत एक ते २९ वर्षे वयाच्या एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांना लस दिली गेली. पुढे असेही सिद्ध झाले, की ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस टिकते. त्यामुळे बर्फाच्या पेट्या न पोहोचणाऱ्या गावांतही ती नेता आली. २०१२ मध्ये बेनिन देशात हे प्रथम करून पाहिले. चाडमध्ये लस दिलेल्या भागांत मेनिन्जायटिस ९४ टक्क्यांनी कमी आढळला. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही.

मात्र बाकीचे गट आहेतच. २०१५ मध्ये नायजरमध्ये सी गटाची मोठी साथ आली. एक्स गटावर तर लसच नव्हती. पुण्यातच ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स या पाचही गटांविरुद्ध एकत्रित लस तयार झाली, तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली. बी गटाची तऱ्हा निराळी. त्याचे कवच आपल्याच चेतापेशींवरच्या साखरेसारखे दिसते, म्हणून शरीर त्याला परके मानत नाही. तिथे जंतूचा जीनोम वाचून कवचाखालची प्रथिने शोधावी लागली. ती हकीकत एका स्वतंत्र लेखाची आहे.

आपल्याकडेही ए गटाच्या साथी येऊन गेल्या आहेत. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये. आपल्या नेहमीच्या लसीकरणात मेनिंगोकोकसची लस नाही, हज यात्रेकरूंना मात्र ती सक्तीने घ्यावी लागते. हिब आणि न्यूमोकोकसच्या लशी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

शिक्षकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मेनिन्जायटिसमधून उठलेले मूल शाळेत परत येते तेव्हा घरचे त्याच्या जगण्यानेच इतके सुखावलेले असतात की त्याच्या कानांकडे लक्ष जात नाही. मूल हाकेला ओ देत नाही, मागच्या बाकावरून उत्तर चुकवते, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावते. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. घरी जाण्यापूर्वीच, निदान महिन्याभरात, त्याच्या श्रवणाची यंत्रावर तपासणी झाली पाहिजे. उशीर करून चालत नाही, कारण सूज उतरल्यावर आतल्या कानातली शंखाकृती नळी काही आठवड्यांत हाडाने भरू लागू शकते, आणि ती भरली की तिच्यात श्रवणयंत्राची तार बसवणे फार अवघड होते.